सदोष शॉकअप आणि तितिक्षेची मर्यादा

आपल्या धर्मविचारात सोसण्याला फार वरचे स्थान आहे. शीतोष्ण, सुखदुःख ही द्वंद्वे येतात तशीच जातात, म्हणून शहाण्याने ती चित्त ढळू न देता सोसावीत, हा गीतेचा अगदी आरंभीचा उपदेश आहे; आणि शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'विवेकचूडामणी'त साधकाच्या सहा संपत्तींची गणना करताना प्रतिकार न करता आणि चिंता व विलाप न करता दुःख सोसणे असे तितिक्षेचे लक्षण सांगितले आहे. या लक्षणातले 'प्रतिकार न करता' हे पद मला पुष्कळ दिवस अस्वस्थ करीत आले आहे. कारण संन्याशाच्या कुटीत जे पद शोभून दिसते, तेच गृहस्थाच्या व्यवहारात, विशेषतः खरेदीविक्रीच्या व्यवहारात, उचलून आणले की त्याच्या आडोशाने किती अधर्म निर्वेधपणे नांदतो हे आपण नित्य पाहतो. फसवला गेलेला मनुष्य 'जाऊ द्या, आपले प्रारब्ध' असे म्हणून घरी परततो, शेजारी त्याच्या समजूतदारपणाची वाखाणणी करतात, आणि फसवणारा दुसऱ्या दिवशी त्याच फळीवरून त्याच जिनसेचा दुसरा नग खाली काढतो. या ठिकाणी सोसणे हा सद्गुण उरतो काय, हा प्रश्न मी येथे एका अत्यंत लौकिक वस्तूच्या आधाराने मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे लहान जंगलगाडीच्या चाकाशेजारी बसवलेला, मेस्त्रीलोक ज्याला शॉकअप म्हणतात, तो धक्काशोषक.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव या दारांशी पहाटेच्या अंधारात ज्या उघड्या गाड्या ओळीने उभ्या राहतात, त्यांत वर्षानुवर्षे मारुती जिप्सीचेच प्राबल्य राहिले. सुझुकीच्या जिम्नीचे हे लांब अंगाचे भावंड भारतात १९८५ साली आले, आरंभी ९७० घनसेंटिमीटरच्या आणि १९९६ पासून १.३ लिटरच्या इंजिनावर चालले, आणि सामान्य गिऱ्हाइकासाठी त्याची विक्री २०१९ च्या सुमारास थांबली. हलके वजन, चारही चाकांना बळ पुरवण्याची सोय आणि कोणत्याही तालुक्याच्या मेस्त्रीला उमगेल अशी सरळ रचना, यांमुळे सैन्यापासून वनखात्यापर्यंत तिची मागणी कायम राहिली. परंतु तिची बैठक कठोर होती. पुढचा आणि मागचा, दोन्ही आस अखंड, आणि त्यांवर पोलादी पाटे. त्यामुळे जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर चाकाखाली आलेला प्रत्येक मुरूम पाठीच्या कण्यापर्यंत पोचे. अशा गाडीच्या मालकाने मूळचे झिजलेले शॉकअप काढून बाहेरचे, अधिक दणकट म्हणून विकले जाणारे शॉकअप बसवावेत, हे अगदी स्वाभाविक होते. आणि गाडीचे उत्पादनच थांबल्यावर तर बाहेरच्या मालावाचून पुष्कळांना गत्यंतर राहिले नाही. बाहेरचा माल म्हणजे वाईट माल, असे मी मानीत नाही. मूळ भागापेक्षा सरस शॉकअप बनवणारे कारखानदार जगात आहेत, आणि त्यांच्या हातून अनेकांचे कंबरडे वाचले आहे. प्रश्न आहे तो सदोष नगाचा, आणि त्याहूनही त्या नगाभोवती उभ्या असलेल्या माणसांचा.

शॉकअपचे कार्य नीट समजून घेतल्याशिवाय त्याच्या दोषाचे नैतिक स्वरूप कळणार नाही. धक्का झेलण्याचे काम खरे पाहता पाट्याचे असते. पाटा वाकतो, धक्क्याची शक्ती स्वतःत साठवतो आणि लगेच ती परत करतो. आणि केवळ त्याच्यावर गाडी सोडली तर एका खड्ड्याची आठवण ती पुढची कित्येक आंदोलने जागवीत राहील. शॉकअपच्या नळीत तेल असते, तेलात एक दट्ट्या फिरतो, आणि दट्ट्यातल्या बारीक छिद्रांतून व झडपांतून तेलाला बळेच वाट काढावी लागते; या घर्षणात आंदोलनाची शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते आणि नळीच्या भिंतीतून हवेत निघून जाते. तेल कमी भरलेले असले, दांडीभोवतीचे ऑइल सील निकृष्ट असले, किंवा झडपेचा पत्रा पातळ असला, तर काही काळाने तेल फेसाळते, गळते, आणि नळी नुसती शोभेची उरते. मग चाक रस्त्याला चिकटून राहत नाही. बारीक लाटा पडलेल्या कच्च्या वाटेवर ते अधूनमधून अधांतरी नाचते, आणि जे चाक भूमीला स्पर्श करीत नाही त्याला ब्रेकही लागत नाही आणि वळणही घेता येत नाही. येथे सुखसोयीचा प्रश्न संपतो आणि जीविताचा सुरू होतो. आंबा घाटाच्या किंवा वरंध घाटाच्या उतारावर, मागच्या बाकावर कोणाची तरी मुले बसलेली असताना, हे अधांतरी नाचणारे चाक म्हणजे काय, हे वाचकाला निराळे सांगावयास नको.

या दोषाचे वैशिष्ट्य असे, की तो विक्रीच्या क्षणी दिसत नाही. नळी बंद असते, तिच्यावर चकचकीत रंग असतो, आणि आत किती तेल भरले आहे हे गिऱ्हाइकालाच काय, दुकानदारालाही पाहता येत नाही. आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राने अशा अदृश्य दोषाचा विचार केलेला नाही, असे कोणी समजू नये. मनूने गणलेल्या अठरा विवादपदांत खरेदीविक्रीनंतरच्या पश्चात्तापाला, म्हणजे क्रयविक्रयानुशयाला, स्वतंत्र जागा आहे. भेसळीचा, नासका, कमी भरणारा किंवा झाकून ठेवलेला माल विकू नये, असा त्याचा स्पष्ट निर्बंध आहे. याज्ञवल्क्याने तर परीक्षेच्या मुदती ठरवून दिल्या: बियाण्याला दहा दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन, आणि लोखंडाला एक. सदोष जिन्नस निर्दोष म्हणून विकणाऱ्याला मोलाच्या दुप्पट दंड त्याने सांगितला आहे. चालुक्यांच्या कल्याणीत बसून विज्ञानेश्वराने ज्या स्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली ती हीच, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात या सर्व व्यवहारपदांचा जो साक्षेपी परामर्श घेतला आहे, तो वाचणाऱ्याला आपले पूर्वज केवळ मोक्षाचीच चिंता वाहत होते हा भ्रम बाळगता येणार नाही. मुदतींच्या त्याच यादीत दासदासींच्याही परीक्षेचे दिवस लिहिले आहेत, आणि ते वाचताना मान खाली जाते. शास्त्र म्हणून जे जे आले ते सर्वच शिरोधार्य नसते, हेही त्याच श्लोकातून शिकावे.

लोखंडाला एकच दिवस का, याचा मी जो विचार केला त्यातून मला एक तत्त्व हाती लागल्यासारखे वाटते. त्या काळचे लोखंड म्हणजे कांब, फाळ, कुऱ्हाड; ते तापवून, ठोकून, दगडावर घासून त्याचा कस एका दिवसात कळत असे. बियाण्याला मात्र दहा दिवस द्यावे लागत, कारण ते रुजते की नाही हे मातीखालीच ठरते. म्हणजे मुदत जिनसेच्या मोलावर नव्हे, तिच्यातला दोष उघड होण्यास लागणाऱ्या काळावर बेतलेली आहे. या न्यायाने पाहिले तर शॉकअप वरून लोखंड असला तरी स्वभावाने बियाण्याच्या जातीचा आहे. त्याची परीक्षा दुकानाच्या फळीवर होऊ शकत नाही, ती रस्त्यावरच व्हावयाची. म्हणून 'माल दुकानाबाहेर गेला की आमची जबाबदारी संपली' असे जे वाक्य पावतीच्या तळाशी छापलेले असते, ते आधुनिक कायद्यापुढे टिकत नाही एवढेच नव्हे, तर याज्ञवल्क्याच्या तर्कापुढेही टिकत नाही.

माझ्या परिचयाच्या एका जिप्सीवाल्याची हकीकत येथे सांगणे अवश्य आहे. पावसाळा संपून जंगल उघडण्याच्या आधी त्याने चारही शॉकअप नवे घेतले. खोक्यावर कडा चढणाऱ्या गाडीचे चित्र होते आणि हमीचा मजकूरही होता. दिवाळी होते न होते तोच मागच्या उजव्या नळीतून तेल ठिबकू लागले, आणि पुढच्या एका शॉकअपच्या खालच्या टोकाची रिंग, जिच्यात रबरी बुश बसते, ती जोडाच्या ठिकाणी तडकली. त्याने दुकान गाठले. दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुम्ही गाडी जंगलात घालता ना, मग शॉकअप जाणारच." त्याने खोक्यावरच्या चित्राकडे बोट दाखवले, त्यावर, वापरलेला माल आम्ही परत घेत नाही, एवढेच उत्तर मिळाले. घरी त्याचे वृद्ध काका, माळकरी, दर एकादशीचा उपास चुकवीत नाहीत असे, त्याला म्हणाले, "जाऊ दे ना बाबू, गेले पैसे ते गेले. आपलं देणं होतं मागच्या जन्मीचं, ते फिटलं. भांडून पुन्हा नवं कशाला करतोस?" मेस्त्रीने तिसरा मार्ग सुचवला: नळ्या पुसून, वर काळा रंग मारून ठेवू, जुन्या सामानाच्या बाजारात कोणी तरी घेऊन जाईल.

दुकानदाराचा नकार, काकांचा वैराग्यबोध आणि मेस्त्रीची युक्ती, या तिन्ही गोष्टी एकाच दिवसात एका माणसापुढे आल्या, आणि मला वाटते की सदोष वस्तूविषयी धर्माला जे काही विचारावयाचे आहे ते सर्व या तिघांच्या बोलण्यात आले आहे.

दुकानदाराचा विचार आधी करू. त्याने नळी बनवली नव्हती. कारखान्यातल्या ज्या कामगाराने जोड भरला त्याला गाडी कोणाची हे ठाऊक नव्हते. ज्याने सील स्वस्तातले घ्यावे असा हुकूम दिला त्याने जोड पाहिला नव्हता. आधुनिक उत्पादनात कर्म इतक्या हातांत वाटले जाते, की पाप शोधू गेले तर प्रत्येक जण आपला वाटा नगण्य असल्याचे निर्मळ मनाने सांगतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि दैव, आणि या पाचांमुळे 'मीच एकटा कर्ता' हा अहंकार गळावा असा तेथे हेतू आहे. परंतु त्याच उपदेशाचा 'मी कर्ताच नाही' असा विपर्यास करून दायित्व झटकणारे आपल्याकडे थोडे नाहीत. या विपर्यासावर उतारा पतंजलीच्या योगसूत्रांत आहे. हिंसादी दोषांचे विवेचन करताना त्यांनी ते तीन प्रकारचे मानले: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेले अनुमोदिलेले; आणि लोभ, क्रोध, मोह ही त्यांची मुळे सांगितली. जैन आचारशास्त्रही हेच तीन भेद कटाक्षाने पाळते. या मोजपट्टीवर दुकानदार कुठे उभा राहतो? तक्रार येईपर्यंत तो निर्दोष होता, कारण बंद नळीतले तेल त्यालाही अदृश्य होते. पण गळकी नळी त्याच्या फळीवर ठेवली गेली त्या क्षणी त्याचे अज्ञान संपले. आणि तरीही त्याच मालाचा पुढचा नग त्याने मुकाट्याने विकला, तर कारखान्यातल्या दोषाला त्याचे अनुमोदन मिळाले. निर्जीव वस्तूतला दोष हा केवळ दोष असतो, आणि जाणत्या माणसाच्या मौनाने त्याचे पाप होते, असे माझे मत आहे.

मौन आणि लपवणूक यांत अंतर आहे, हा युक्तिवाद फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ साली लिहिलेल्या आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सिसेरोने बॅबिलोनचा डायोजेनिस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर यांच्यातला वाद नोंदवला आहे. घरात दोष आहे, तो मालकाखेरीज कोणास ठाऊक नाही. विकताना त्याने तो सांगावा काय? गुरूचे म्हणणे असे, की न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे, घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत. शिष्याचे म्हणणे असे, की मनुष्यमात्र एका समाजाचे घटक असल्याने दुसऱ्याच्या हिताची गोष्ट आपल्या लाभासाठी दाबून ठेवणे हा अन्यायच होय. सिसेरोने शिष्याच्या बाजूने निवाडा दिला. इस्लामी परंपरेतही बाजारातल्या धान्याच्या राशीत पैगंबरांनी हात घातला, बोटांना ओल लागली, आणि पावसाने भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही कथा प्रमाण मानली जाते. आणि सदोष माल परत करण्याचा हक्क त्या न्यायशास्त्रात सविस्तर मांडलेला आहे. इतक्या दूरदूरच्या परंपरा एका मुद्द्यावर येऊन मिळतात, तेव्हा तो मुद्दा लोकरूढीच्या पलीकडचा असावा, असे समजण्यास हरकत नाही.

मात्र फिर्यादीलाही धर्म आहे, आणि तो सत्याचा आहे. आपली कैफियत मांडण्यापूर्वी दोष खरोखर वस्तूत आहे की आपल्या हाताळणीत, याची तहकीकात त्याने निर्दयपणे करावयास हवी. दुहेरी नळीचा शॉकअप आडवा ठेवून आलेला असला तर आतल्या नळीत हवा शिरते. बसवण्यापूर्वी तो उभा धरून काही वेळा पूर्ण ओढून व दाबून ती हवा काढावी लागते, आणि हे न करता बसवलेला चांगला शॉकअपही पोकळ हात देतो. दांडीवर तेलाचा पुसटसा ओलावा दिसणे ही पुष्कळदा स्वाभाविक गोष्ट असते. थेंब ओघळून नळीवर धूळ चिकटली असेल तर ती गळती. गाडी उंच केली पण शॉकअप जुन्याच लांबीचा ठेवला, किंवा उलट लांब नळी घेतली आणि आस वर आला की रबरी अडथळ्याच्या आधी ती नळीच तळाला टेकू लागली, तर जोड तुटण्याचे कारण कारखान्यात शोधू नये. एकाच आसाच्या डाव्या आणि उजव्या नळ्या काढून हाताने दाबून पाहिल्या, तर दोघींच्या विरोधातला फरक बहुधा मनगटालाच कळतो. एखादी मधेच रिकामी हलत असेल तर तेल कमी आहे किंवा हवा आहे, हे समजते. ही परीक्षा प्रामाणिकपणे केल्यावाचून दुसऱ्यावर कसूर ठेवणे म्हणजे असत्य भाषणच. माझ्या मित्राने ती केली होती, आणि तो एवढ्यावर थांबला नाही. दारावरच्या इतर चालकांना विचारून त्याने एकाच छापाच्या, एकाच क्रमांकमालेच्या नळ्या आणखी कोणाकोणाच्या गळत आहेत, हे लिहून काढले.

आता काकांचे म्हणणे. त्यांच्याविषयी मला आदर आहे, आणि त्यांच्या शब्दांत दंभाचा लवलेश नव्हता, हे मी जाणतो. परंतु त्यांनी ज्यांची माळ गळ्यात घातली त्या तुकोबांच्याच चरित्रातला एक प्रसंग त्यांच्या उपदेशाच्या आड येतो. देहूचे तुकोबा वाण्याच्या घरात जन्मले. वडिलोपार्जित सावकारीची खते त्यांच्या वाट्याला आली होती. परंपरा सांगते, की ती खते इंद्रायणीत बुडवण्यापूर्वी त्यांनी त्यांचे दोन भाग केले, अर्धे धाकटे बंधू कान्होबा यांना दिले, आणि आपल्या वाट्याचे तेवढे पाण्यात सोडले. वैराग्याच्या परमोच्च क्षणीही या संताला विसर पडला नाही तो एका गोष्टीचा: सोडण्याचा अधिकार आपल्याला आपल्याच वाट्यावर आहे. कान्होबाचे येणे माफ करणे हे वैराग्य ठरले नसते, ते अपहरण ठरले असते.

हीच रेषा मला तितिक्षेची मर्यादा वाटते. शॉकअपवर गेलेले पैसे जिप्सीवाल्याचे होते. ते त्याने सोडले असते तर ते त्याचे औदार्य. पण त्या नळीचा धोका त्याच्या एकट्याच्या वाट्याचा नव्हता. मागच्या बाकावर बसणारा प्रवासी, वळणावर समोरून येणारा सायकलस्वार, आणि उद्या तोच माल घेणारा दुसरा कोणी चालक, या सर्वांचे वाटे त्यात होते, आणि त्यांच्यापैकी कोणीही त्याला आपल्या वतीने क्षमा करण्याचे मुखत्यारपत्र दिलेले नव्हते. ब्रिटनच्या न्यायव्यवस्थेने ही गोष्ट १९३२ साली मान्य केली. स्कॉटलंडातल्या पेस्ली गावी १९२८ साली एका स्त्रीने मैत्रिणीने विकत घेऊन दिलेले आल्याचे पेय घेतले, अपारदर्शक बाटलीतून सडलेली गोगलगाय निघाल्याचे तिने म्हटले, आणि तिचा खरेदीचा करार नसतानाही कारखानदार तिला उत्तरदायी ठरू शकतो, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. लॉर्ड ॲटकिन यांनी आपल्या निकालपत्रात बायबलातला शेजाऱ्याचा प्रश्नच कायद्याच्या भाषेत उतरवला: आपल्या कृतीने ज्याला इजा होईल असे आपल्या ध्यानात यावयास हवे, तो आपला शेजारी. अपारदर्शक बाटली आणि बंद नळी यांत तत्त्वतः भेद नाही. मध्ये कोणालाही आत डोकावता येत नाही, म्हणूनच बनवणाऱ्याचे दायित्व थेट शेवटच्या माणसापर्यंत पोचते. भारतातही २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने, जो २०२० च्या जुलैपासून अंमलात आला, सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीबद्दल कारखानदार, विक्रेता आणि सेवा देणारा यांच्यावर स्वतंत्र दायित्व ठेवले आहे. या दिशेची जागृती आपल्याकडे पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत स्थापन केली तेव्हापासून चालत आलेली आहे, याचा मराठी माणसाला सार्थ अभिमान असावा.

मग शंकराचार्यांच्या लक्षणातल्या 'प्रतिकार न करता' या पदाचे काय? मला असे दिसते की ते पद माणसाच्या मनाला उद्देशून आहे, हाताला उद्देशून नाही. दुकानदाराने अपमान केला, तीन वेळा उद्या या म्हणून परत पाठवले, फितवेखोर ठरवले, तर ते सर्व चिंताविलापावाचून सोसणे ही तितिक्षाच. आणि ती अंगी असल्याशिवाय तक्रारीचा पाठपुरावा शेवटपर्यंत होतच नाही, कारण संतापी मनुष्य एक तर हातघाईवर येतो किंवा चार दिवसांत थकून बसतो. पण हाताने पावती जपावी, खोके व क्रमांक राखावा, नळी उघडू नये, अर्ज लेखी द्यावा, आणि त्यात आपल्या नुकसानभरपाईइतकेच स्पष्टपणे उरलेला माल विक्रीतून काढण्याची मागणी करावी. माझ्या मित्राने दिलेल्या अर्जात हे दुसरे कलम होते. त्याच्यासह तिघांना नवे नग मिळाले आणि त्या क्रमांकमालेची खोकी फळीवरून उतरली. दुकानदार पुढे त्याच्याशी पूर्ववत बोलू लागला, हेही सांगितले पाहिजे, कारण न्याय मागणाऱ्याने वैर मागितलेले नसते.

राहिला मेस्त्रीचा मार्ग. त्याच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. काळ्या रंगाखाली झाकलेली गळकी नळी दुसऱ्याला विकणारा मनुष्य कारखानदाराहून अधिक दोषी आहे, कारण कारखानदाराला कदाचित ठाऊक नव्हते आणि याला निश्चित ठाऊक आहे. तरी असे शॉकअप जुन्या बाजारात रोज विकले जातात, आणि विकणारे पुष्कळदा स्वतः आधी फसलेलेच असतात. आपण सोसले तसे दुसऱ्यानेही सोसावे, हा त्यांचा न्याय असतो.

वाचकांपैकी ज्यांच्या ओसरीत किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात असा काढून टाकलेला शॉकअप पडला असेल, त्यांना माझी विनंती आहे. हमीची मुदत शिल्लक असेल तर तो पावतीसह जेथून घेतला तेथे घेऊन जावे, आणि मुदत संपली असली तरी दोष काय निघाला हे दुकानदाराला व कारखानदाराला लेखी कळवावे. तो भंगारात देण्याचे ठरलेच, तर त्याआधी त्याच्या चकचकीत दांडीवर छिन्नीचे चार खोल घाव घालावेत, म्हणजे तो कोणत्याही गाडीला पुन्हा बसवता येणार नाही. नळी मात्र कापू नये; तिच्यात दाबाखाली वायू असू शकतो.